नवा अँप्लिफायर घेण्यापूर्वी : कोकणातल्या घरासाठी निवड आणि चाचणी

हाय-फाय अँप्लिफायर घ्यायचे मनात आले की रत्नागिरी, मालवण किंवा श्रीवर्धनच्या माणसाला पहिली अडचण येते ती ऐकायचा कुठे, ही. तालुक्याच्या बाजारपेठेत साउंडबार आणि चाके लावलेले पार्टी-स्पीकर हवे तेवढे मिळतात. पण दोन चांगले स्पीकर जोडून शांतपणे तासभर बसता येईल असे दुकान क्वचितच सापडते, आणि मग मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा गोवा यांपैकी कुठेतरी जाणे आले. एवढा प्रवास करून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला नाखूश असतो, दुकानदारालाही ते ठाऊक असते, आणि मग अर्ध्या तासाच्या घाईघाईच्या ऐकण्यावर पाऊण लाखाचा व्यवहार होऊन जातो. म्हणून निम्म्याहून अधिक काम निघण्यापूर्वी घरीच उरकावे आणि जे दुकानातच कळण्यासारखे आहे तेवढेच तिथे तपासावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण पुढची सारी पद्धत तिच्यावर आधारलेली आहे. सुस्थितीतले आणि आपल्या क्षमतेच्या आत वाजणारे दोन चांगले अँप्लिफायर घेतले, तर त्यांच्या आवाजातला फरक जाहिराती सांगतात त्या मानाने फार थोडा असतो. स्पीकर बदलल्याने किंवा खोलीतली त्यांची जागा बदलल्याने पडणारा फरक त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यामुळे एकूण रकमेतला मोठा वाटा स्पीकरसाठी राखून ठेवावा. अँप्लिफायर निवडताना मात्र त्याची ताकद आपल्या स्पीकरना पुरेशी आहे का, तो स्वतः किती शांत आहे, आपल्या वीजपुरवठ्यावर आणि खाऱ्या हवेत तो किती वर्षे टिकेल, आणि बिघडला तर दुरुस्त कोण करील, या प्रश्नांना रंगीत विशेषणांपेक्षा अधिक वजन द्यावे, असे माझे मत आहे.

आधी घरचा हिशेब

स्पीकरच्या मागच्या पट्टीवर किंवा त्याच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात. पहिला सेन्सिटिव्हिटीचा, दुसरा इम्पीडन्सचा, म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचा, जो ओहममध्ये मोजतात. हे दोन आकडे आणि आपण बसतो ती जागा स्पीकरपासून किती मीटरवर आहे हे लिहून घेतल्याशिवाय वॉटचा विचारच करू नये.

समजा, सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल आहे. म्हणजे एका वॉटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज मिळतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल घटतात, म्हणून ३ मीटरवर ७७-७८ उरतात. परंतु दोन स्पीकर वाजत असतात आणि भिंतींवरूनही आवाज परततो, त्यामुळे तीन-चार डेसिबलची भर पडून हिशेब ८१ च्या आसपास येतो. घरात बसून बऱ्यापैकी मोठ्याने ऐकताना सरासरी पातळी ७५ डेसिबलच्या जवळ असते आणि तिला जेमतेम पाव वॉट पुरतो. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. खरी गरज लागते ती उसळून येणाऱ्या क्षणांना. पखवाजावरची मोकळी थाप किंवा वाद्यवृंदाचा एकदम उठलेला आघात सरासरीच्या २० डेसिबल वर जाऊ शकतो. म्हणजे ९५ डेसिबल. ८१ च्या वर १४ डेसिबल. त्यासाठी सुमारे २५ वॉट लागतात. थोडी मोकळीक धरून ५० वॉट घेतले की अशा घराचे काम भागते. स्पीकर ८३ डेसिबलचा असेल, तर त्याच आवाजासाठी अडीचपट, म्हणजे ६० वॉटच्या वर लागतात आणि १०० वॉटचा विचार करणे योग्य ठरते.

याच हिशेबात हेही दडलेले आहे की वॉट दुप्पट केल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटावा इतका आवाज व्हायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. तेव्हा ५० वॉटच्या जागी ७० वॉटचा अँप्लिफायर घेण्यासाठी पंधरा-वीस हजार जास्त मोजणाऱ्याने आपण नेमके काय विकत घेत आहोत हे स्वतःला विचारावे.

खोलीचाही विचार करावा लागतो. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले आणि खाली आढ्यापर्यंत मोकळी जागा अशा जुन्या माजघरात कौलांच्या फटींतून आवाज बाहेर निसटतो. खालचे स्वर तिथे फारसे कोंडले जात नाहीत, त्यामुळे घुमण्याचा त्रास कमी आणि ताकदीची गरज किंचित जास्त. याउलट स्लॅबच्या नव्या घरात, गुळगुळीत लाद्या आणि उघड्या भिंती असलेल्या चौरस हॉलमध्ये तोच संच ढणढणतो. असा हॉल असेल तर सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांचे कपाट यांची सोय आधी करावी. कोणताही अँप्लिफायर हा दोष झाकत नाही. पत्र्याच्या छपरावर आषाढातली सर कोसळत असताना गाणे ऐकू यावे म्हणून मात्र कुणी वॉट वाढवू नयेत. त्या वेळी संच बंद करून पाऊसच ऐकलेला बरा.

वॉटचे आकडे कसे वाचावेत

जुन्या टेपरेकॉर्डरवर चिकटवलेले हजार-हजार वॉटचे पीएमपीओ, म्हणजे क्षणिक ताकदीचे फुगवलेले, आकडे ज्यांना आठवतात त्यांना या विषयात फसवाफसवी किती जुनी आहे हे सांगायला नको. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असल्या आकड्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये नियमच केला. आजही माहितीपत्रकातले मोठे अक्षर सोडून त्याखालचे बारीक अक्षर वाचावे. ‘८ ओहमला ५० वॉट, दोन्ही चॅनेल चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, विकृती ०.०५ टक्के’ असे लिहिलेला अँप्लिफायर, ‘६ ओहमला १०० वॉट, एक चॅनेल, १ किलोहर्ट्झ, विकृती १० टक्के’ असे लिहिलेल्यापेक्षा प्रत्यक्षात दमदार असू शकतो. १० टक्के विकृती म्हणजे आवाज फाटलेलाच असतो. घरगुती थिएटरच्या रिसीव्हरमध्ये हा दुसरा प्रकार अधिक आढळतो, कारण पाच-सात चॅनेल एकाच पॉवर सप्लायवर चालायचे असतात.

इम्पीडन्सचा आकडा स्पीकर अँप्लिफायरकडून किती विद्युतप्रवाह मागेल ते सांगतो. पट्टीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर काही स्वरांना ४ किंवा त्याहूनही खाली उतरतो, आणि त्याच वेळी कमकुवत अँप्लिफायर धापा टाकू लागतो. म्हणून ८ ओहमचा आणि ४ ओहमचा असे दोन्ही आकडे पाहावेत. ८ ला ५० आणि ४ ला ८० किंवा ९० असेल तर पॉवर सप्लाय भक्कम आहे. ४ ओहमचा आकडाच दिलेला नसेल, किंवा ‘किमान ६ ओहम’ अशी सूचना असेल, तर मोठ्या टॉवर-स्पीकरसाठी तो घेऊ नये. एनएडी कंपनीचा १९७८ साली आलेला ३०२० हा अँप्लिफायर कागदावर अवघा २० वॉटचा होता, तरी अवघड स्पीकरना क्षणभर भरपूर प्रवाह देण्याच्या गुणामुळे तो जगभर खपला.

क्लास एबी आणि क्लास डी या अँप्लिफायरच्या आतल्या रचनेच्या दोन प्रकारांवरून वाद घालण्यात फारसा अर्थ उरलेला नाही. क्लास डी ९० टक्क्यांच्या आसपास वीज कामी लावतो, त्यामुळे तो थंड आणि हलका असतो. क्लास एबी बरीच वीज उष्णतेत घालवतो, जड असतो, पण त्यातला बिघाड शहरातला कुशल कारागीर सुटा भाग बदलून काढू शकतो. व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरविषयी एवढेच सांगतो की त्यात चारशे-पाचशे व्होल्ट खेळत असतात, व्हॉल्व्ह मुदतीने बदलावे लागतात, आणि ते सारे पाहणारा माणूस जवळ नसेल तर किनाऱ्यावरच्या घरात तो शौक दुरूनच पुरवावा.

जोडणीचे काम सोपे आहे. आज काय काय जोडायचे आहे आणि पुढच्या पाच वर्षांत काय येऊ शकते याची यादी करावी. टीव्हीसाठी एचडीएमआय एआरसी किंवा निदान ऑप्टिकल, सीडी प्लेअरसाठी आरसीए, पुढे सबवूफर घ्यायचा असेल तर त्याचे आउटपुट. तबकड्या वाजवायच्या असतील तर फोनो इनपुट आवश्यक आहे, कारण तबकडीवरच्या सुईच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून केवळ काही मिलिव्होल्ट निघतात, तर सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. नेटवर्क आणि ॲप असलेल्या अँप्लिफायरचा मोह मी स्वतः टाळतो. ॲपचा पाठिंबा पाच-सात वर्षांत संपतो आणि चांगला अँप्लिफायर वीस वर्षे चालतो. तेव्हा स्ट्रीमिंगसाठी वेगळी लहान पेटी जोडलेली शहाणपणाची.

दुकानात : आधी पातळी, मग मत

दुकानात जाताना शक्य असेल तर स्वतःचे स्पीकर गाडीत घालून न्यावेत. बुकशेल्फ प्रकारचे असतील तर ते फार अवघड नाही. ते जमत नसेल तर साधारण त्याच सेन्सिटिव्हिटीचे आणि इम्पीडन्सचे स्पीकर लावायला सांगावेत. दुकानातल्या चार लाखांच्या स्पीकरवर ऐकलेला अँप्लिफायर आपल्या घरी कसा वाजेल याविषयी काहीही सांगत नाही. ओळखीचे संगीत पेनड्राइव्हवर किंवा सीडीवर न्यावे. फोनवरून ब्लूटूथने लावू नये, कारण त्यात आवाज आवळला जातो, आणि स्ट्रीमिंगचे ॲप वापरायचे असेल तर त्यातली आवाज समान करण्याची सोय बंद करावी.

काय न्यावे, याचेही थोडे सांगतो. तानपुऱ्याचा अखंड गुंजारव असलेली विलंबित ख्यालाची सुरुवात पार्श्वभूमीतला सिसकारा आणि घरघर उघडी पाडते. डग्ग्याची मींड खालच्या स्वरांवरची पकड दाखवते; ती ढिली वाटली तर आवाज वाढवून पुन्हा ऐकावे. तार सप्तकातली स्त्रीची तान आणि सनईचा खडा सूर यांत कर्कशपणा चटकन कळतो. झांज, पखवाज आणि पेटी एकत्र असलेले भजन मोठ्या आवाजात लावले की अँप्लिफायर थकतो का ते दिसते : थकला की झांजेचे वेगवेगळे ठोके मिसळून नुसता चरचराट उरतो. मात्र ध्वनिमुद्रण नीट हवे. गावोगावच्या डबलबारीची मोबाइलवर घेतलेली कितीतरी ध्वनिमुद्रणे कर्ण्यासमोर घेतलेली आणि मुळातच फाटलेली असतात; ती कितीही जिव्हाळ्याची असली तरी चाचणीला निरुपयोगी आहेत.

आता मुख्य गोष्ट. दोन अँप्लिफायरची तुलना करताना ज्याचा आवाज केसभर मोठा असतो तो माणसाला अधिक स्पष्ट, अधिक भरदार आणि अधिक जिवंत वाटतो. पातळी वाढली की कानाला खालचे आणि वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने जास्त ऐकू येऊ लागतात, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये वक्ररेषा काढून दाखवले. अर्धा-एक डेसिबलचा फरक ‘मोठा आवाज’ म्हणून लक्षातही येत नाही, पण ‘चांगला आवाज’ म्हणून हमखास लक्षात येतो. महागडा अँप्लिफायर विकणाऱ्याला नॉब थोडा अधिक फिरवण्यापलीकडे काहीच करावे लागत नाही, आणि तोही तसे बहुधा जाणूनबुजून करत नसतो. नॉबच्या खुणा जुळवून भागत नाही, कारण प्रत्येकाची गेन, म्हणजे आलेला संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण, वेगळी. नळ पाव आटा फिरवताच पाणी जोरात आले म्हणून टाकी मोठी आहे असे होत नाही, तसेच पाव फेऱ्यात दणका देणारा अँप्लिफायर ताकदवान असतोच असे नाही.

यावर उपाय आहे तो साध्या डिजिटल मल्टिमीटरचा. तो काही शे रुपयांत हार्डवेअरच्या किंवा इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. पेनड्राइव्हवर २०० हर्ट्झचा अखंड सूर घ्यावा. स्वस्त मीटर उंच स्वरांना चुकीचे आकडे दाखवतात, या स्वराला मात्र ते भरवशाचे असतात. पहिल्या अँप्लिफायरवर टोन, लाउडनेस आणि इतर सर्व करामती बंद करून हा सूर बेताच्या आवाजात लावावा, मीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि त्याची दोन टोके डाव्या स्पीकरच्या लाल व काळ्या टर्मिनलला टेकवावीत, ती एकमेकांना लागणार नाहीत याची काळजी घेऊन. नॉब सावकाश फिरवत आकडा १.०० वर आणावा. मग तोच स्पीकर दुसऱ्या अँप्लिफायरला जोडून तोच सूर लावावा आणि तिथेही १.०० आणावा. ०.९८ ते १.०२ च्या आत आले तर फरक एक-पंचमांश डेसिबलच्या आत आहे आणि तुलना प्रामाणिक आहे. काही अँप्लिफायरचा आवाज अर्ध्या-अर्ध्या डेसिबलच्या पायरीने बदलतो, तिथे ०.९७ ते १.०३ पर्यंत समाधान मानावे. सूर बंद करून, नॉबला पुन्हा हात न लावता, संगीत लावावे.

‘कानांनी ऐका हो, मीटरने काय ऐकायचे!’ असे दुकानदार म्हणेल. त्याला हसून सांगावे की कानांनीच ऐकायचे आहे, म्हणून मीटर आणला आहे.

दोन सावधगिऱ्या इथे लागतात. अनेक क्लास डी अँप्लिफायरमध्ये स्पीकरचे काळे टर्मिनलही जिवंत असते, म्हणून ते अर्थिंगला किंवा दुसऱ्या कशालाही जोडू नये. आणि दुकानात अँप्लिफायर बदलण्यासाठी लावलेली जी स्विच-पेटी असते तिच्यात दोन अँप्लिफायरची काळी टोके आतून जोडलेली असतील तर असा अँप्लिफायर जळू शकतो. शंका असेल तर संच बंद करून हाताने तारा बदलाव्यात, थोडा वेळ गेला तरी चालेल.

पातळी जुळल्यावर सोबत आलेल्या माणसाला अँप्लिफायर बदलायला सांगावे, आणि कोणता चालू आहे ते त्याने सांगू नये. वीस-तीस सेकंदांचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकावा, कारण आवाजाची बारीक आठवण फार काळ टिकत नाही. ओळखता येत असेल तर फरक खरा आहे आणि त्याचे पैसे द्यायचे की नाही ते आपण ठरवावे. ओळखता येत नसेल तर स्वस्तातला घेऊन उरलेले पैसे स्पीकरकडे वळवावेत.

फरक ऐकू आला नाही तरी दुकानातल्या काही तपासण्या चुकवू नयेत. कोणतेही गाणे न लावता नॉब आपल्या नेहमीच्या जागी ठेवावा आणि ट्वीटरपासून, म्हणजे स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या लहान भागापासून, वीतभर अंतरावर कान न्यावा. शहरातल्या दुकानात वातानुकूलनाचा आवाज इतका असतो की सिसकारा त्यात बुडून जातो. दोन मिनिटे ते यंत्र बंद करायला सांगावे. वीतभर अंतरावर हलका सिसकारा असला तर हरकत नाही, बसण्याच्या जागेवरून ऐकू आला तर तो अँप्लिफायर बाजूला ठेवावा. चैत्र-वैशाखात पंखा बंद करून गाणे ऐकणारा माणूस कोकणात विरळाच, हे खरे. पण गाव झोपल्यावर, थंडीच्या दिवसांत, बारीक आवाजात ऐकणाऱ्याला हीच तपासणी उपयोगी पडते. त्याच ऐकणाऱ्यासाठी दुसरी तपासणी अशी, की मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज देणारे, ध्वनिमुद्रण लावावे, गाणारा दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये उभा वाटतो का पाहावे, आणि आवाज अगदी रात्रीच्या पातळीपर्यंत उतरवत न्यावा. फिरत्या नॉबच्या काही अँप्लिफायरमध्ये तळाशी येताच दोन चॅनेल सारखे राहत नाहीत आणि गाणारा हळूच डावीकडे किंवा उजवीकडे सरकतो. हा दोष त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगात नसूही शकतो, म्हणून जो नग घरी न्यायचा त्याच्यावरच ही तपासणी करावी.

याशिवाय, चालू-बंद करताना स्पीकरमधून ठोका येतो का, चालू झाल्यावर काही सेकंदांनी संरक्षक रिलेची टिकटिक ऐकू येते का, झाकणावर हात ठेवल्यावर ट्रान्सफॉर्मरची थरथर जाणवते का, आणि तासभर वाजल्यावर झाकण किती तापते, हे पाहावे. काही वेळ आवाज आला नाही की आपोआप बंद होण्याची सोय युरोपातल्या नियमांमुळे आता पुष्कळ अँप्लिफायरमध्ये असते. ती बंद करता येते का ते विचारावे, नाहीतर बारीक आवाजातला आलाप चालू असतानाच यंत्र झोपी जाते. ‘दोनशे तास वाजल्यावर आवाज खुलेल’ असे कुणी म्हणाले तर त्यावर विसंबू नये. दोनशे तास होईतो परत करण्याची मुदत संपलेली असते.

घरच्या विजेवर

घरी आठवडाभर वाजवून पाहण्याची आणि न पटल्यास बदलून घेण्याची मुभा बिलावर लिहून मागावी. ऑनलाइन घेतल्यास परतीच्या अटी आधी वाचाव्यात. या आठवड्यात खरी परीक्षा असते विजेची.

लाईनच्या टोकाला असलेल्या वाडीत संध्याकाळी २३० व्होल्टचे १८५ होणे नवलाचे नाही. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या अँप्लिफायरमध्ये व्होल्टेज २० टक्के उतरले की कमाल ताकद ३६ टक्क्यांनी उतरते. म्हणजे ५० वॉटचे ३२ होतात. ऐकायला हा फरक जेमतेम २ डेसिबलचा, पण मोठ्याने वाजवताना आवाज लवकर फाटतो, आणि फाटलेला आवाज ट्वीटर जाळतो. १०० ते २४० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायचे अँप्लिफायर इथे उजवे ठरतात. तरीही खरा धोका उतरण्याचा नसून चढण्याचा आहे. न्यूट्रल तुटला तर एका फेजच्या घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात, आणि साध्या सर्ज प्रोटेक्टरचा त्यापुढे निभाव लागत नाही. जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारा स्टॅबिलायझर लावावा. जून २०२० मधल्या निसर्ग वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत वीज दिवसेंदिवस नव्हती. अशा खंडानंतर वीज परत येते तेव्हा प्लग काढलेलाच असावा. वळवाच्या गडगडाटात तर प्लगबरोबर केबलची आणि लॅनची तारही काढावी.

इन्व्हर्टरवरही एकदा वाजवून पाहावे. चौकोनी लहरीचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि स्पीकरमध्येही गुणगुण येते. तो अँप्लिफायरचा दोष नव्हे, साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला की जाते. केबलचा सेट-टॉप बॉक्स जोडल्यावरच घरघर सुरू होत असेल तर ऑप्टिकल तारेने जोडावे. कातळावरच्या घरात अर्थिंग पुरेसे खोल गेलेले नसते, उन्हाळ्यात जमीन सुकली की ते नावापुरतेच उरते. तीन पिनांचा अँप्लिफायर घेतला असेल तर वायरमनकडून ते आधी तपासून घ्यावे.

खारी हवा

समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याने अँप्लिफायरची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच निरखून पाहावी. सोन्याचा मुलामा असलेली आरसीए टोके आणि घट्ट बसणारी जाड टर्मिनल यांना इथे खरोखर अर्थ आहे. स्प्रिंगच्या चिमट्यांवर काही पावसाळ्यांत गंज धरतो आणि एक चॅनेल येत-जात राहतो. स्पीकरच्या तारेसाठी विद्युतकामाची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते, महागड्या केबलची गरज नाही, मात्र उघड्या टोकांवर हिरवट थर चढतो म्हणून टोकांना बनाना प्लग लावावेत किंवा दर वर्षी इंचभर वायर कापून नवी टोके काढावीत.

अँप्लिफायर बंद पडून राहिला की खराब होतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांआड तासभर वाजवला तर आतला दमटपणा निघून जातो आणि नॉब व रिले खरखरत नाहीत. तापलेल्या यंत्रावर प्लास्टिकचे आवरण घालू नये. झाकणाला मोठ्या झरोक्यांची जाळी असेल तर पाली आणि मुंग्या उबेला आत जातात, आणि एका पालीने दोन जागा जोडल्या की दुरुस्तीचा खर्च हजारांत जातो; भिंतीला न चिकटवता, उंच आणि मोकळ्या फळीवर ठेवणे हाच त्यावर साधा इलाज. चाकरमान्यांचे घर शिमग्यापासून गणपतीपर्यंत बंद राहत असेल तर अँप्लिफायर सिलिका जेलच्या पुड्यांसह जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून मूळ खोक्यात ठेवावा, किंवा शेजाऱ्याकडे चालता ठेवावा. दुसरा मार्ग शेजाऱ्यालाही आवडतो.

जपानमधून आलेला जुना अँप्लिफायर स्वस्तात मिळत असेल तर मागे १०० व्होल्ट लिहिले आहे का ते पाहावे. तसे असेल तर वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि आतले जुने कपॅसिटर बदलण्याचा खर्चही धरावा लागेल.

राहता राहिली दुरुस्ती. घेण्यापूर्वीच कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र कोठे आहे ते विचारावे. उत्तर बहुधा मुंबई किंवा पुणे असे येते, म्हणजे दहा-बारा किलोचा डाग रेल्वेने किंवा ट्रॅव्हल्सच्या गाडीने पाठवावा लागणार. म्हणून मूळ खोका आणि आतले थर्माकोलचे तुकडे माळ्यावर जपून ठेवावेत. त्यांच्याशिवाय आंबा घाटातल्या किंवा कुंभार्लीच्या वळणांत जड ट्रान्सफॉर्मर आपल्याच वजनाने चेसिस वाकवतो. बिल पक्के घ्यावे, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि भारतातली वॉरंटी कंपनीची आहे की केवळ दुकानाची, हे पैसे देण्यापूर्वी वॉरंटी-कार्डावर वाचून पाहावे.